पानफुटीचं आंबट पान

विंझरच्या साळूबाई मुतखड्यासाठी दारातल्या पानफुटीचं पान चघळायच्या. सकाळी ते चिंचेसारखं आंबट लागे, संध्याकाळी मात्र पांचट. रात्रीतून कुणीतरी त्यावर काहीतरी शिंपडतंय, अशी त्यांची खात्रीच झाली. दिवसभर गप्प राहणाऱ्या सुनेला, रत्नाला, त्यांनी धारेवर धरलं.

"न्हाई वो, आत्याबाई," रत्ना हळूच म्हणाली. "अंगातलं पानी उडू नये म्हणून ह्ये झाड दिवसा तोंड मिटून बसतं. रातच्याला उघडून हवा घेतं आन् तिचं आंबट करून पानात साठवतं. दिवसा उन्हात त्याचंच अन्न करतं."

साळूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दिवसभर मुकं आन् रातच्याला तोंड उघडं, व्हय? तरीच म्हणलं, रोज सकाळी माजा लेक माज्याशी तोंड आंबट करून का बोलतो!"