एक इंच अक्षर

युरेक बेकरीच्या दारातल्या पाटीला अर्विन मोजपट्टी लावून उभा होता. सकाळचे पावणेसात वाजले होते, आणि काउंटरमागे अल्बिनाचं डोकं आधीच तापलं होतं.

"पाऊण इंच," आत येत तो म्हणाला. "कायद्यात अक्षर एक इंच उंच हवं. शिवाय स्पॅनिश मजकूर कुठाय? ही पाटी लागू होत नाही, अल्बिना."

"अख्ख्या गावाला वाचता येते ती."

"वाचता येण्याचा प्रश्नच नाहीये."

मग प्रश्न कसला होता, देव जाणे. परवाना असला तरी पिस्तूल घेऊन आत येऊ नये, एवढं साधं लिहिलं होतं. ही तिसरी पाटी. पहिली तिने पुठ्ठ्यावर हाताने लिहिली, तर हा हसला. दुसरीची पिवळी अक्षरं पांढऱ्यावर उठून दिसेनात. टेक्ससमध्ये जन्म गेला तिचा, दिवंगत नवऱ्याची बंदूक घरात अजून होती. बंदुकीशी तिचं वाकडं नव्हतंच. वाकडं होतं ते या मोजपट्टीशी.

मार्च महिन्यात अर्विन खाली पडलेला रुमाल उचलायला वाकला आणि कमरेचं पिस्तूल घसरून फरशीवर आपटलं. गोळी सुटली नाही. पण नळीच्या समोर भट्टीतला ट्रे घेऊन कामाला असलेली ओफेलिया उभी होती. त्या दिवसापासून अर्विनचा पिकअप बाहेर दिसला की ती भटारखान्याचं दार लावून घ्यायची. काल मात्र तिने हात पुसत सांगितलं, "बाई, शुक्रवारपर्यंत बघते. मग मी चालले." आवाज चढवला नाही, म्हणून अल्बिनाला ते खरं वाटलं. अल्बिनाच्या बोटांना आता कणीक मळवत नव्हती. ओफेलिया गेली की सासूच्या वेळेपासूनची बेकरी आठवडाभरात बंद, हे तिला न सांगता कळत होतं.

तोंडावर सांगून मोकळं व्हायला काय झालं होतं? झालं असं होतं की नवऱ्याची, लुडविकची शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत अर्विन होता. नवरा गेल्यावर तिसऱ्या दिवशी शिडी लावून छपराची गळती बुजवणाराही तोच. अशा माणसाला 'आत येऊ नकोस' म्हणायला जीभ रेटत नव्हती, म्हणून तर पाटी लावली.

आणि मालकिणीने तोंडी सांगितलं तर ते कायद्याने लागू होतं, हेही तिला शिकवलं होतं अर्विननेच, जर्दाळू भरलेला गोड पाव, कोलाचे, खाता खाता. तेव्हापासून तिने विषय काढला की हा हात वर करायचा. "तोंडाने नको बोलूस. पाटी नीट लाव, मी पायरीवरून परत जाईन."

आज त्याने खिशातून घडीचा कागद काढून काउंटरवर ठेवला. दोन्ही भाषांतला मजकूर, अक्षरांची उंची, रंग, सगळं पेन्सिलीने सुबक लिहिलेलं.

"जावयाकडून छापून आणतो. महिन्याभरात होईल."

"महिन्याभरात."

"नियम म्हणजे नियम. मी काही तुझ्या वाईटावर नाही."

तेच तर. वाईटावर असता तर कधीच हाकलला असता. भटारखान्याचं दार बंद होतं, आणि त्यामागे ओफेलिया एकटीच ट्रे आपटत होती. अल्बिनाला त्या कागदाची, त्या सुबक अक्षरांची अशी चीड आली की तिने तो बाजूला सारला.

"अर्विन, माझं ऐक."

त्याने हात वर केला.

"हात खाली घे. माझ्या दुकानात पिस्तूल आणायचं नाही. आजपासून नाही, आत्तापासून."

त्याने हात खाली घेतला. मग टोपी उचलून बाहेर गेला आणि पिकअपमध्ये बसला. बसूनच राहिला. अल्बिनाने दोन गिऱ्हाइकं केली, एकाला उरलेले पैसे चुकीचे दिले. संपलं, तिला वाटलं. चाळीस वर्षांचं संपलं.

दारावरची घंटी वाजली. अर्विन आत आला तो शर्ट पँटमध्ये खोचून, पट्ट्याला पिस्तूल नव्हतं. नेहमीच्या खुर्चीत बसला आणि जरा फुरंगटून म्हणाला, "अगं, मग हे आधीच नाही का सांगायचंस?"

अल्बिनाने त्याच्यापुढे कॉफीचा कप ठेवला.

"सहा महिने दारावर तेच लिहिलंय, अर्विन."