दोनशे दहा किलोमीटरचे बूट

कंपास आणि मी एकमेकांना पत्रं लिहितो त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली. फोन दोघांच्याही घरी आहे, पण फोनवर आम्ही तीन मिनिटांत भांडतो आणि ठेवून देतो. पत्रात कसं, पान संपेपर्यंत भांडता येतं आणि मधे कुणी तोडत नाही.

तो सरकारी खात्यात नकाशे काढायचा. शाळेत असताना कंपासपेटी बगलेत मारून फिरायचा, म्हणून कंपास. मी बूट करतो. कामाच्या वेळी खिळे तोंडात धरायची सवय, म्हणून त्यानं मला खिळ्या करून टाकलं. त्याची बदली झाली तेव्हा मी त्याला पहिला जोड करून दिला, आणि तेव्हापासून तो दुसऱ्या कुणाच्या हातचे बूट घालत नाही. माझ्याशी जितका वाद घालतो, तितका माझ्या बुटांशी घालत नाही.

आमच्या पत्राचे तीन भाग ठरलेले. आधी तब्येत, मग देव, मग प्रवास. तब्येतीच्या भागात दोघंही खोटं बोलतो. देवाच्या भागात तो मला समजावतो आणि मी त्याला खिजवतो, कारण त्याचा देवावर गाढ विश्वास आणि माझा फक्त दुहेरी टाक्यावर. प्रवासाच्या भागात तो कुठे कुठे जाऊन आलेला असतो, आणि माझ्याकडे लिहायला काही नसतं. एकदा मी 'या महिन्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आलो' एवढंच लिहिलं. त्यानं उलट टपाली आमच्या गल्लीचा नकाशा काढून पाठवला आणि मी जिथे दम खायला थांबलो असेन तिथे फुली मारली.

फुली अगदी बरोबर जागी होती. दम मला खरंच लागत होता.

डॉक्टरांनी तपासलं आणि हृदयाची एक झडप बिघडल्याचं सांगितलं. माझा धंदा त्यांना माहीत होता, म्हणून म्हणाले, "चामडं आखडलंय असं समजा. ते बदलायचं."

"नाही बदललं तर?"

"तर वर्ष. फार तर दीड."

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी येऊन विचार करायचंच टाळलं. उभ्या जन्मात मी हजारो तळ उसवले आणि नवे बसवले, पण आता मलाच उसवायची वेळ आली होती. मी घाबरलो होतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बायकोनं समजावलं, मग रडली, मग बोलायचीच बंद झाली. महिना असाच गेला.

शेवटी मी कंपासला तब्येतीच्या भागात पहिल्यांदा खरं लिहिलं. चार दिवसांत उत्तर आलं.

"खिळ्या, तू भित्रा आहेस हे मला तिसरीपासून माहीत आहे. माझ्या दारापासून डोंगरावरच्या देवस्थानापर्यंत दोनशे दहा किलोमीटर आहेत, मी स्वतः मोजलेत. मी तिथे पायी जातो. तुझ्या नावानं नवस बोलून बसलोय, आता मागे फिरता येत नाही. मी चालायचं काम करतो, तू टेबलावर आडवं व्हायचं काम कर. त्यातल्या त्यात तुझं सोपं आहे."

मला हसू आलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, भाजी आणायला गेला तरी दोनदा बसणारा, तो काय दोनशे दहा किलोमीटर चालतोय. मी लगेच अट घातली. बूट मी करणार, दोन जोड. अर्ध्या वाटेवर पहिला जोड पार्सलनं माझ्याकडे पाठवायचा आणि दुसरा घालायचा. तळ पुरेसे झिजलेले दिसले तर मी टेबलावर चढीन, नाहीतर नाही. पत्र टाकलं आणि मनात म्हटलं, सुटलो.

त्यानं अट मान्य केली. बायकोनं ते पत्र माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं आणि त्याच दुपारी जाऊन ऑपरेशनची तारीख घेऊन आली.

मी दोन्ही जोड मन लावून केले. चांगलं जाड चामडं, दुहेरी टाका, मऊ अस्तर. कंपासच्या डाव्या टाचेची मी दरवेळी जी काळजी घेतो ती याही वेळी घेतली. मग त्याची पत्रं यायला लागली, दर वेळी वेगळ्या गावच्या पोस्टाचा शिक्का.

"आज सोळा किलोमीटर. त्यात पहिल्या नऊ किलोमीटरमध्ये एकशेचाळीस मीटरचा चढ. ओढ्यावर पूल आहे, लांबी बावीस मीटर, डाव्या बाजूला कठडा नाही. देवाची आठवण चढावर जास्त येते, उतारावर कमी, हे कबूल करतो."

बायको ही पत्रं जेवताना मोठ्यानं वाचायची आणि प्रत्येक किलोमीटरनंतर माझ्याकडे बघायची. "बघा, तो बिचारा चालतोय," एवढंच म्हणायची. मी मान खाली घालून जेवायचो. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. शंभर किलोमीटर चाललेला माणूस आधी स्वतःच्या पायांबद्दल लिहितो. कंपासच्या पत्रात पूल होते, चढ होते, मैलाचे दगड होते, पण एक फोड नव्हता.

ऑपरेशनला सहा दिवस उरले असताना पार्सल आलं. मी दुकानातच उघडलं, बूट उलटे करून मांडीवर घेतले आणि मोठ्यानं हसलो. समोर बसलेलं गिऱ्हाईक दचकलं.

तळ झिजलेले होते, पण कानशीनं. चालून झिजलेल्या तळाला कधी सरळ रेघा नसतात, आणि इथे तर रेघा कशा, एकीला एक समांतर, नकाशावर डोंगर दाखवतात तशा. जन्मभराची सवय, कानस धरली तरी हात सुटला नव्हता. शिवाय दोन्ही टाचा सारख्याच घासलेल्या. कंपास पाचवीत झाडावरून पडला, तेव्हापासून त्याचा डावा पाय किंचित आखूड आहे. त्याची डावी टाच बाहेरच्या कडेला आधी झिजते, एकेचाळीस वर्षांत एकदाही चुकली नाही. हे मला माहीत आहे. त्याला माहीत नाही. तो स्वतःच्या ताठ चालीबद्दल लोकांना सांगत असतो आणि मी मूग गिळून बसतो.

म्हणजे अट मोडली होती आणि मी खरोखरच सुटलो होतो. एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं, कागद ओढला आणि लिहिलं, 'लबाडा, पकडलं तुला.' उद्या सकाळी जाऊन ऑपरेशन रद्द करायचं हेही ठरवून टाकलं.

पुरावा म्हणून बूट फळीवर ठेवायला उचलले, तेव्हा उजव्या बुटाच्या पुढच्या टोकावर एक ओरखडा दिसला. खोल आणि आडवा. असा ओरखडा चालताना पडत नाही. पायरीच्या कडेला बुटाचं टोक अडकलं आणि माणूस तोंडावर आपटला तरच पडतो. मी आत हात घातला. अस्तर नवंच होतं, घामाचा डागसुद्धा नाही. एक दिवसही घातलेला जोड नव्हता तो.

मग सगळं एका ओळीत उभं राहिलं. नवे बूट घालून, देवाचं नाव घेऊन तो निघाला होता आणि स्वतःच्या घराच्या पायरीवरूनच पडला होता. काहीतरी मोडलं होतं. आणि मी अट घातली होती, म्हणून तो पलंगावर बसून, पाय उशीवर ठेवून, तासन्‌तास बूट घासत होता. नकाशा समोर धरून माझ्यासाठी पूल मोजत होता. त्याची पुतणी त्या रस्त्यावर बस चालवते, ती गावोगाव उतरून पत्रं पेटीत टाकत असणार. जो माणूस खोट्याला पाप समजतो, त्यानं माझ्यासाठी शंभर किलोमीटर खोटं लिहिलं होतं.

माझी मला लाज वाटली. मग 'लबाडा'चा कागद फाडला आणि दुसरा घेतला.

"कंपास, बूट मिळाले. तळ पाहिले. चांगला चाललास. माझी खात्री पटली. मी मंगळवारी टेबलावर चढतो."

चढलो. सर्जनबाई आल्या आणि मी त्यांना आधी दोरा दाखवायला लावला. टाका एकेरी घालता की दुहेरी, विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही तेव्हा झोपलेले असाल." मी म्हटलं, "म्हणून तर आत्ताच विचारतोय." पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा बायको माझ्याशी बोलत होती, इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम.

दवाखान्यातच कंपासचं पत्र आलं. "पोचलो. शेवटच्या पायऱ्या तीनशे बारा. वर देवासमोर तुझं नाव घेतलं." अक्षर नेहमीपेक्षा बारीक होतं आणि खाली देवाबद्दल पुढे एक ओळही नव्हती. पुढच्या पत्रांतही नाही. तब्येत असायची, प्रवास म्हणून हवापाणी असायचं, मधला भाग गायब. एकेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं, आणि मला खिजवायला कुणी उरलं नाही म्हणून करमेना.

अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली. मी न कळवता त्याच्या गावावरून देवस्थानाकडे जाणारी बस धरली. चार तासांचा रस्ता, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांबचा प्रवास. बस त्याची पुतणीच चालवत होती. मला उतरताना पाहून ती कानापर्यंत लाल झाली. "काका, ती पत्रं—" मी म्हटलं, "कसली पत्रं? मला काही माहीत नाही. तू गाडी छान चालवतेस."

कंपास खिडकीशी पलंगावर बसला होता. भिंतीवर नकाशा, त्यावर पेन्सिलीची वाट, पलंगाला टेकलेली काठी, आणि पलंगाखाली खोक्यात न उघडलेला दुसरा जोड. मला पाहताच त्यानं पायावर चादर ओढली.

"काल न्हाणीघरात घसरलो," तो म्हणाला.

"हो का? दाखव."

उजवा घोटा प्लास्टरमधून नुकताच निघालेला, पोटरी काठीइतकी बारीक. काल घसरलेल्या माणसाची पोटरी एका दिवसात अशी होत नाही. मी चादर परत नीट केली. त्याचा चेहरा एकदम पडला.

"खिळ्या, मी गेलोच नाही. दाराबाहेरच पडलो."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"पार्सल उघडलं तेव्हा."

"आणि तरी तू टेबलावर चढलास? का?"

"तू इतकं मन लावून घासलं होतंस. तेवढं तर मीही कधी घासत नाही."

तो हसला नाही. "तुला गंमत वाटते. मी देवाला शब्द दिला होता. तुझी झडप चालली आणि माझा शब्द तसाच राहिला. मला रात्ररात्र वाटतं, आता तो तुझी झडप परत मागेल. देवाशी बोलायचाच बंद झालोय मी. काय तोंडानं बोलू?"

देव झडपा परत मागत नाही, ते काम दवाखाना करतो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी ते गिळलं. माझा देवावर विश्वास नसला तरी कंपासवर आहे, आणि तो खरोखर खंगत चालला होता.

"मला रोज दोन किलोमीटर चालायला सांगितलंय," मी म्हटलं. "चालायचंच आहे तर तुझं चालतो. चालेल का तुझ्या देवाला?"

तो काठी टेकत उठला, टेबलाशी गेला आणि एक नवीन पेन्सिल टोकदार केली.

आमची गल्ली दोनशे मीटर लांब आहे. रोज जाऊन-येऊन पाच खेपा. असे एकशेपाच दिवस मी चाललो. मी त्याला आकडा कळवायचो आणि तो नकाशावर मला पुढे सरकवायचा. "आज तू पुलावर आहेस," त्याचं पत्र यायचं, "डावीकडे कठडा नाही, सांभाळ." त्या दिवशी मी गल्लीत उजव्या बाजूनं चाललो. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं, तर पुलावर आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून तो मला जरा जपून हाक मारतो.

शेवटी तीनशे बारा पायऱ्या आल्या. आमच्या जिन्याला तेरा आहेत. आठवडाभरात चोवीस वेळा चढलो, दम न खाता. शेवटच्या पायरीवर काय म्हणायचं असतं ते मला येत नाही, म्हणून मी कंपासचं नाव घेतलं. वर दारात बायको उभी होती. तिनं डोळे पुसले आणि बूट बाहेर काढा म्हणाली.

त्या चालण्याचे माझे बूट मी त्याला पार्सलनं पाठवले. आठवड्यानं उत्तर आलं, पुन्हा तिन्ही भागांचं.

"तब्येत. घोटा भरला. काठी सोडली.

देव. बोलणं सुरू झालं. तुझे तळ त्याला दाखवले. नवस फिटला, त्या दुपारी मी तीन तास झोपलो. तू चाललास म्हणजे तुझा विश्वास बसला असं मी धरून चालतो, उगाच उलट लिहू नकोस.

प्रवास. तुझा दुसरा जोड घालून बाजारापर्यंत जायचं ठरवलं. डाव्या बुटाचं आतलं अस्तर जरा सुटलं होतं (तुझं वय झालं), त्याखाली टाचेत चामड्याची एक चकती निघाली. चुकून राहिली असेल म्हणून काढून टाकली. बाजारापर्यंत लंगडत गेलो आणि लंगडत आलो. मोडला उजवा पाय आणि लंगडतोय डावा, म्हणून घाबरलो. मग चकती परत घातली तर सरळ चाललो. माळ्यावरून तुझे सगळे जुने जोड काढले आणि डाव्या टाचा उसवून पाहिल्या. प्रत्येकात एक. सगळ्यांत पहिल्या जोडातसुद्धा. खिळ्या, हे तू मला कधी सांगणार होतास?"

मी तोंडातले खिळे काढून ठेवले आणि कागद घेतला.

"कधीच नाही," मी लिहिलं. "उसवलेले सगळे जोड पाठवून दे."