माघारीची बातमी

चिपळूणच्या छापखान्याच्या पायऱ्या सगुणा चढली, तेव्हा साप्ताहिकाचा अंक तिच्या मुठीत चुरगळला होता. मतदान पाच दिवसांवर आलेलं. तिचा भाऊ रावजी कायदेमंडळासाठी जमीनदार खोतांविरुद्ध कुळांच्या वतीने उभा होता, आणि अंकात छापलं होतं : ‘रावजी यांची माघार.’

“माझा भाऊ काल भर सभेत बोलत होता,” ती संपादकांना म्हणाली. “माघार घेतली कधी त्याने?”

“कानावर आलं, छापलं.”

“त्याला विचारायचं तरी! त्याची तीन निवेदनं तुम्ही परत धाडलीत. खोतांच्या सत्काराला मात्र अख्खं पान?”

“अंक आमचा आहे, बाई. काय छापायचं ते आम्ही ठरवणार.”

“मग खुलासा छापा.”

“पुढच्या अंकात बघू.”

पुढचा अंक मतदानानंतर निघणार होता. सगुणाची कानशिलं तापली. इंग्रज सरकारच्या नव्या कायद्याने, चौथी शिकली म्हणून, यंदा तिलाही मत होतं. छापलेलं ते खरं, असं ती आजवर धरून चालली होती.

ती तडक बाजारात गेली. रावजीचा दंड धरून त्याला मासळीबाजाराच्या ओट्यावर उभं केलं आणि बातमी मोठ्याने वाचली. “हा बघा माघार घेतलेला माणूस! नीट बघून घ्या!”

लोक आधी हसले, मग चिडले. गुलाम रसूल नावाचा होडीवाला म्हणाला, “खाडीकाठच्या गावांना मी सांगतो.” बहीणभाऊ पाच दिवस पायी हिंडले. पण अंक टपालाने पार केळशीपर्यंत गेला होता. तिथवर त्यांचे पाय पोचले नाहीत.

रावजी थोडक्यात पडला.

निकालानंतर केळशीहून केरू नावाचा एक म्हातारा आला, खोतांचं कूळ. “आमची चाळीस माणसं घरीच बसली रे. तू बसलास असं वाचून दाखवलं आम्हांस. खोताला मत द्यायचं नव्हतं.” त्याने पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले.

“तुमची चूक नाय, काका,” रावजी म्हणाला.

सगुणाला मात्र ते शांत बोलणं सोसेना. “रडू नका, काका. हेच तक्रार म्हणून कलेक्टरसाहेबांना लिहून द्याल? नावानिशी?”

“खोत जमीन काढून घेईल, पोरी.”

“व्हय, घेईल.”

केरू काठी बाजूला ठेवून तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, “लिही.”

सगुणाने टाक इतका दाबला, की पहिल्याच ओळीला कागद फाटला. तिने दुसरा घेतला.