चार विसा चार

केवळी साडेतीन वर्षांची होती आणि माझ्यावर तिचा फार जीव होता, एवढीच तिची चूक.

मी येडबा, तिच्या बापाचा, म्हणजे बिरूचा, धाकटा भाऊ. त्या माघात चुडाव्याच्या शिवारात किशनरावांच्या रानात आमच्या मेंढ्या खतासाठी बसवलेल्या होत्या. मी एका एडक्याची लोकर कातरत होतो आणि केवळीला हसवायला एडक्याच्या तोंडून किशनरावांसारखा बोलत होतो. केवळी हसत हसत अगदी जवळ आली. एडक्याला ती नक्कल पटली नसावी. त्यानं लाथ झाडली, माझ्या हातातली कातर उडाली आणि पोरीच्या डाव्या गालावर बसली.

पूर्णा गावात बन्सीधर नावाचा कंपाउंडर होता. पूर्वी पलटणीत होता, त्यामुळे टाके घालताना तो पोरीला "हिलो मत!" म्हणून दरडावत होता आणि हलत मी होतो. टाके घालून झाल्यावर त्यानं भिवरा वैनीला समोर बसवलं.

"टाके निघाले की पंधरा दिवस हात लावायचा न्हाई. मग गोडं तेल घ्या, अंगठा दाबून गोल गोल चोळा. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. वर्षभर. ऊन लागू द्यायचं न्हाई. राख न्हाई, बिब्बा न्हाई, डागणी तर बिलकुल न्हाई. लेकराची कातडी लय गुणाची असते, समदं इसरती."

"आन न्हाई इसरली तर?" वैनीनं विचारलं.

"मग पोरगी मोठी झाल्यावर इचारंल," बन्सीधर म्हणाला आणि माझ्याकडं बघितलं.

मी त्याच दिवशी ठरवलं, तो डाग मी पार पुसून काढणार.

टाके निघाले त्या दिवशी माझ्या बापानं, ग्यानबा आबांनी, नातीची हनुवटी धरून गाल उजेडाकडं केला. हातातली चिलीम विझली तरी त्यांना कळलं नाही.

"ही तर सटवाजीची खून हाय," ते म्हणाले.

आमच्यात प्रत्येक घराची कानावरची खूण वेगळी. कोकरू महिन्याचं झालं की त्याच्या कानाला ती कापायची. आमची खूण म्हणजे कानाचं टोक सरळ उडवलेलं. सटवाजीची खूण देखणी होती: दोन तिरप्या चिरा टोकाशी जुळलेल्या, खाली एक बारकी आडवी खाच. केवळीच्या गालावर नेमकं तेच उमटलं होतं, जसं काही मी मन लावून काढलं होतं.

सटवाजी आबांचा चारणीतला जोडीदार. घरदार नव्हतं. चार वर्षांपूर्वी पूर्णा नदीला पूर आला तेव्हा त्यानं सगळा कळप पार केला आणि मधल्या खडकावर राहिलेल्या एका कोकरासाठी परत पाण्यात गेला. तो आला नाही, कोकरूही आलं नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी त्याच्या सगळ्या मेंढ्यांचे कान आमच्यासारखे उडवले. तेराव्याचीसुद्धा वाट बघितली नाही. खुणा बदलणं तेव्हा नवलाचं राहिलं नव्हतं म्हणा. आदल्याच वर्षी आम्ही जागचे न हलता हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो होतो, आणि मेंढ्या होत्या तिथंच चरत होत्या. पण सटवाजीची खूण आता जगात कुणाच्याच कानावर नव्हती. होती ती फक्त आमच्या पोरीच्या गालावर.

त्याच संध्याकाळी मोजणी चुकली.

मावळतीला मेंढ्या जाळीच्या वाघरीत शिरताना बिरू तोंडाशी उभा राहून एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजायचा. आमच्या त्र्याऐंशी होत्या, म्हणजे चार विसा तीन. बिरूचा हात त्या दिवशी चार विसा चारवर थांबला. सकाळी उजेडात मोजल्या तर चार विसा तीन. संध्याकाळी पुन्हा चार विसा चार. असं आठ दिवस.

"लोकाच्या मेंढ्या घटतेत, आपल्या वाढायल्यात," मी म्हणालो. "वरडायचं कशाला?"

"वरची एक वल्ली लागती हाताला," बिरू म्हणाला.

फाल्गुन चालू होता. ओलं होण्यासारखं आसपास काही नव्हतं.

चोळायचं काम माझ्याकडंच होतं, कारण आईपुढं केवळी बसायची नाही. मी अंगठ्यानं चोळायचो आणि एडक्याच्या आवाजात शंभरपर्यंत मोजायचो. एका संध्याकाळी ती मधेच म्हणाली, "काका, ती म्हनती मला बी चोळ."

"कोन ती?"

केवळीनं माझ्या डाव्या खांद्यामागं बोट दाखवलं. मी मागं बघितलं नाही. शंभरच्या जागी दीडशे चोळले.

हे वैनीला सांगायला नको होतं. पण मी सांगितलं, आणि तिच्याकडून ते आबांकडं गेलं.

"ते सटवाजीचं कोकरू हाय," आबा म्हणाले. "खून बघून आलंय. आपलं मानूस समजून घिऊन जाईल पोरीला. खुनेवर आपली खून मारली की जनावर आपलं होतंय. बिरू, इळा तापव."

बिरू विळ्याकडं बघत बसला. वैनी डोक्यावरचा पदर सारखा करून सासऱ्याकडं वळली.

"मामा, माझं लेकरू जनावर न्हाई."

"मला मालूम हाय. त्याला कुठं मालूम हाय?"

"कंपाउंडरनं डागायचं न्हाई म्हनून सांगितलंय."

"कंपाउंडरनं मेंढ्या मोजल्यात का?"

आबांनी स्वतः उठून विळ्याचं टोक गोवऱ्यांच्या आरात सारलं. वैनीनं केवळीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं बोरीच्या काट्या तोडायची कुऱ्हाड उचलली आणि उभी राहिली. विळा हळूहळू लाल व्हायला लागला. माझ्या कातरीनं केलेल्या डागावर आता तो विळा टेकणार होता.

मला भीती वाटली की गमतीच सुचतात. "आबा," मी म्हणालो, "त्याला सटवाजीची खून पायजे ना? मग समद्यांनाच देऊ. बसू दे हुडकत."

कुणी हसलं नाही. आबा माझ्याकडं असे बघत राहिले, जसा मी पहिल्यांदाच बोललो होतो. मग त्यांनी विळा आरातून ओढून बाजूला टाकला.

"गेरू आन," ते म्हणाले.

लोकर कातरल्यावर मेंढ्यांच्या पाठी रंगवायला ठेवलेला गेरू होता. आबांनी तो पाण्यात कालवला आणि पहिली खूण स्वतःच्या गालावर काढली. आरशाशिवाय. दोन तिरप्या चिरा, खाली खाच. चार वर्षांनीही केसभर चुकली नाही. मग बिरू, वैनी, मी, कुत्रं आणि ओझ्याचं तट्टू. तट्टानं सगळ्यात कमी कुरकुर केली. केवळीच्या डागावरून आबांनी तीच खूण अगदी हलक्या बोटानं गिरवली.

दिवस कलताना किशनराव रान बघायला आले. आम्हा सगळ्यांच्या गालांकडं, मग तट्टाच्या गालाकडं त्यांनी बघितलं.

"काय रं, लगीन हाय का कुनाचं?"

"व्हय. तट्टाचं."

नवरी कोण हे न विचारता ते निघून गेले.

मावळतीला आम्ही वाघरीच्या तोंडाशी ओळीनं उभे राहिलो. बिरू मोजत होता. चार विसा एक. चार विसा दोन. चार विसा तीन. कळप आत गेला. मागं मोकळं रान होतं. बिरूचा हात हवेत होता, तो हळूच खाली आला आणि हातभर उंचीवर कशावर तरी टेकला.

त्यानं आकडा उच्चारला नाही.

मग ओळीतून पुराच्या गढूळ पाण्याचा वास यायला लागला. आधी बिरूजवळ, मग आबांजवळ. आबांनी डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडून "सटवा" एवढंच निघालं. मग माझ्याजवळ. गुडघ्याला ओली लोकर लागली, गालावर कोमट श्वास आला आणि एक खरबरीत जीभ खालून वर एकदाच फिरली. मला एकही गंमत सुचली नाही. वास पुढं सरकला आणि वैनीपाशी थांबला. वैनीनं केवळीचं तोंड पदराखाली घेतलं होतं. पदर आतून हलला. "गुदगुल्या होतेत," केवळी म्हणाली आणि हसली. मग हसू थांबलं. वासही गेला.

बिरूनं कंदील लावला. आमचे सगळ्यांचे गाल स्वच्छ होते. कुत्र्याचा, तट्टाचासुद्धा. वैनी पदर काढेना. पदराखालचं लेकरू अगदी गप होतं.

"केवळे," वैनी म्हणाली.

"ऊं."

तरीही तिनं पदर काढला नाही. आत हात घातला, अंगठ्यानं गाल चाचपला. दोन तिरप्या चिरा, खाली खाच, बोटाला लागणाऱ्या. तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला आणि पोरीला कंदिलाशी धरलं.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी बरोबर यायला लागली. चार विसा तीन. केवळी जेवत होती, खेळत होती, माझ्या नकलांना हसत होती. मी सकाळ-संध्याकाळ चोळत होतो, उन्हात तिच्या तोंडावर फडकं बांधत होतो. बन्सीधर खोटं बोलला नव्हता. लाल डाग गुलाबी झाला, खाच भरत आली. दिवाळीपर्यंत एक बारीक रेघ उरली, ती पण तिरपं बघितलं तर दिसायची. अजून दोन-तीन महिने चोळलं असतं तर माझ्या कातरीची निशाणीसुद्धा उरली नसती.

एका सकाळी मी तेलाची बाटली उघडली आणि वैनीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बास आता, भावजी."

"कंपाउंडर वर्षभर म्हनलाय. रेघ ऱ्हायलीय अजून."

"ऱ्हाऊ द्या तेवढी. त्या दिशी अंगठा लावला तवा कळलं, ही माझीच हाय. समदंच पुसलं तर मी वळखू कशानं?"

"काय बोलायलीस वैनी? आवाजानं वळख की."

वैनीनं वाघरीकडं बघितलं. केवळी दोन कोकरांच्या मधे बसून त्यांना काहीतरी सांगत होती.

"ऊं म्हनली व्हती त्या दिशी," वैनी म्हणाली. "ऊं कुनीबी म्हनतंय."

मी बाटलीला बूच लावलं.