निळ्या पेल्यातली खापरी

मी खापरी बोलतेय. आधी नाक मुरडून घ्या, मग ऐका. अंगठ्याएवढी लांब, दोन बोटं रुंद, रंग विटकरी, आणि एका बाजूला कुंडीच्या काठाचा बाक अजून शिल्लक आहे. माणसं एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडतात असं मी ऐकून आहे, पण मला काही कुणी कुणाच्या डोक्यावर फोडलं नाही. मला मांजराने फोडलं.

तेव्हा मी एकटी नव्हते. आम्ही बऱ्याच जणी मिळून एक कुंडी होतो, आणि फुटेपर्यंत आपण किती जणी आहोत हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तंबाखूच्या दुकानाच्या पायरीवर आमचा मुक्काम. पोटात लाल फुलांचं रोप आणि रोपावर दुकानाचं मांजर. झोपायला त्याला सगळा रस्ता मोकळा होता, पण त्याला कुंडीच लागायची. रोप वाढेना, मांजर मात्र वाढत गेलं. एकदा त्याने झोपेत आळस दिला आणि आम्ही सगळ्या पायरीवरून खाली.

दुकानाचे मालक म्हणजे मिशीवाले. अर्धी मिशी पांढरी आणि अर्धी धुराने पिवळी झालेली, त्यामुळे ते कोणत्या कोपऱ्यात पाइप धरतात हे विचारावं लागत नसे. त्यांनी आम्हाला केरात टाकलं नाही. एकेकीला उचलून दगडावर घासलं, टोकं मोडली, धुतलं, आणि काउंटरवरच्या परातीत मांडून ठेवलं.

आता कसं आहे, पाइपातला तंबाखू फार वाळून चालत नाही. वाळला की भराभर जळतो आणि जीभ पोळते. फार ओला झाला की विझतो आणि माणूस काड्या ओढत बसतो. म्हणून भिजवलेली खापरी पुसून डब्यात ठेवायची. ती हळूहळू पाणी सोडते, तंबाखू मऊ राहतो. मिशीवाले चांगल्या गिऱ्हाइकाला डब्याबरोबर एक खापरी फुकट द्यायचे आणि म्हणायचे, "लेक देतोय. पाणी पाजत जा."

मला ज्यांच्या घरी दिलं ते चष्मेवाले. समोरच्याच फुटपाथवर त्यांचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकांना दाखवायच्या छापील चित्रांमध्ये एका रुबाबदार माणसाने चष्मा लावलेला आणि तोंडात पाइप धरलेला. ते चित्र चष्मेवाल्यांनी इतकी वर्षं पाहिलं, की शेवटी त्यांना वाटायला लागलं, आपणही तसेच दिसू. पाइप घेतला. चष्मा मात्र लावला नाही. गावाला चष्मे लावणारा हा माणूस स्वतः चष्म्याशिवाय चाचपडत फिरायचा, कारण चष्म्याने म्हणे त्यांचं नाक जाड दिसतं.

तर ते तंबाखू निवडायला आले.

"तुम्हाला कसा आवडतो?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"चांगला."

"तसं नाही. चहा कसा घेता?"

"घरात मिळेल तसा."

"पावाची कड आवडते की मधला मऊ भाग?"

"कड बायको खाते."

मिशीवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि तीन बरण्या पुढे ओढल्या. "हा पिवळ्या पानाचा, हलका, गोडसर. हा धुरी दिलेला, ओलं लाकूड पेटल्यासारखा लागतो. आणि हा काळा, दाबून वडी केलेला, तो रिकाम्या पोटी ओढायचा नाही. नव्या माणसाने पिवळ्यात चिमूटभर काळा घालून सुरुवात करावी, मग जिभेला विचारत कमीजास्त करावं. आता सांगा, हा बरा की हा?"

"दोन्ही सारखेच वाटतात."

"आणि आता? हा, की हा?"

"पहिला पुन्हा एकदा दाखवा."

खरं सांगते, डोळे तपासताना काचा बदलून दाखवल्या की हेच उत्तर गिऱ्हाइकांकडून ऐकून ऐकून चष्मेवाल्यांच्या डोक्यावरचे केस गेले होते. आज ते स्वतः देत होते आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

शेवटी मिशीवाल्यांनी स्वतःच एक मिश्रण बांधून दिलं आणि बजावलं, "बरणीत नाक घालून निवड करू नका. डब्यातला वास वेगळा, तोंडातली चव वेगळी, आणि शेजारी बसलेल्याच्या नाकाला काय लागतं ते तिसरंच. हा डबा संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. पाइपाला आधीचं सगळं आठवत राहतं."

चष्मेवाल्यांनी मान हलवली, मला खिशात टाकलं, आणि त्याच आठवड्यात आणखी दोन डबे आणले.

पुढे डब्यांना सुमारच राहिला नाही. चपलांच्या कपाटात डबे, शिलाई मशीनच्या खणात डबे. फळांच्या वासाचा तंबाखू त्यांनी धुरीच्या तंबाखूत मिसळला, तेव्हा मुरांब्याच्या कारखान्याला आग लागल्यासारखा वास सुटला. मला रोज नव्या डब्यात कोंबायचे. मी सगळं शोषून घेणारी, माझी काय अवस्था झाली असेल बघा.

"अहो," त्यांची बायको म्हणाली, "उद्या घर पेटलं तरी आता वासावरून कळायचं नाही."

"चव सापडेना म्हणून ही धावपळ, अगं."

"चव सापडत नसेल तर पाइप सोडा."

"पाइपाचा दोष नाही. जागेचा आहे. एकाच जागी निवांत बसून ओढला की चव कळते. आणि या घरात तशी जागा एकच. गॅलरीची खोली."

"तिथे आई आहे."

"आहेत ना. मी कुठे नाही म्हणतोय? पण हवापालट म्हणून तुझ्या दादाकडे थोडे दिवस..."

"दादाकडे तो पोपट आहे."

"पोपट काय खातो का त्यांना?"

"नक्कल करतो."

ही भानगड सांगायला हवी. चष्मेवाल्यांच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या आजी, यांना कवळी होती. बोलताना 'श' आला की दातांतून बारीक शिट्टी निघायची. इथे कुणी काही म्हणत नसे. पण मुलाच्या घरचा पोपट ती शिट्टी उचलायचा, दिवसभर वाजवायचा, आणि सगळं घर हसायचं. आजीही हसायच्या. पण तिकडून परत आल्या की कितीतरी दिवस 'श' असलेला शब्द तोंडात येऊ द्यायच्या नाहीत. साखरेला साखर म्हणायच्या, पण शेजारणीला 'ती पलीकडची' म्हणायच्या.

हे सगळं बोलणं आजी आतून ऐकत होत्या. त्यांच्या विणायच्या सुया थांबल्याचं मी डब्यातून ऐकलं.

चष्मेवाल्यांनी मात्र मनात ठरवून टाकलं. मेव्हण्याला निरोपही गेला.

आणि नेमकं तेव्हाच ते घडलं. मला भिजवायला त्यांनी एक निळा पेला ठरवलेला होता, बेसिनशेजारच्या कट्ट्यावर. तो बायकोच्या हातून फुटला. "तुमचा पेला गेला हो," असं तिने सांगितलं, यांनी "हूं" म्हटलं आणि काहीच ऐकलं नाही. मी मात्र केरातल्या निळ्या तुकड्यांकडे बघून जरा हळहळले. आपलं माणूस फुटलं की वाईट वाटतंच.

त्याच जोडीतला दुसरा निळा पेला कट्ट्यावरच असायचा. तो आजींचा. दुपारी जेवून आडवं होताना त्या कवळी काढून त्यात ठेवायच्या आणि वर दात धुवायची पेपरमिंटची गोळी टाकायच्या. चष्मेवाले आले, चष्मा नाहीच, निळं काहीतरी दिसलं, आणि त्यांनी मला आत सोडलं.

मी आत पडते आणि पाहते तर काय, समोर अख्खं हसू. मालक कुठेच नाही, नुसतं हसू. गोळी फसफसत होती, बुडबुडे अंगाला गुदगुल्या करत होते. दात काही बोलले नाहीत. मीही ओळख काढली नाही. थोड्या वेळाने दोन बोटं आली, मला उचललं, पुसलं, आणि डब्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी पहिला झुरका घेतला आणि पाइप तोंडातून काढून त्याच्याकडे बघतच राहिले. मग दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांचे डोळे मिटले.

"सापडली," ते म्हणाले. "अगं, सापडली."

"काय, चावी?"

"माझी चव."

मिशीवाल्यांना घरी बोलावणं गेलं. ते आपला पाइप घेऊन आले, त्या डब्यातली चिमूट भरली, पेटवली आणि खुर्चीत मागे टेकले. "थंड आहे," ते सावकाश म्हणाले. "पानाचा गोडवा आहे, पण मागून थंड वारा येतो. आणि त्याच्याही मागून... काहीतरी स्वच्छ. फार स्वच्छ."

ते स्वच्छ म्हणजे आजींच्या दाढा होत्या. पण मला तोंड कुठे आहे सांगायला?

"यात घातलंत काय तुम्ही?"

"काही नाही. मिश्रण तुमचंच. फक्त माझी जीभ तयार झाली," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी त्या चित्रातल्या माणसासारखा चेहरा केला.

झालं. आता चव सापडली होती, राहिली होती ती जागा. रविवारी आजींचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. आजींनी निळा पेला लोकरीच्या मोज्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. दारात थांबून म्हणाल्या, "येते हं जावईबापू. गॅलरीत सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं. पडदा ओढून घेत जा." चष्मेवाल्यांनी पायातल्या चपलेकडे बघत मान हलवली. बायको त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. वाढलं तेवढं मात्र आदळून.

चष्मेवाले गॅलरीत बसले. पडदा ओढला. पाइप पेटवला. आणि चव नाही.

म्हणजे तंबाखू होता, धूर होता, पण तो वारा नाही, ते स्वच्छ नाही. त्यांनी पाइप धुतला, दुसरा पाइप आणला. मला आता साध्या ग्लासात भिजवत होते. आधी नळाच्या पाण्यात, मग उकळलेल्या पाण्यात, मग फुलदाणीच्या पाण्यात. फुलदाणीचं मी कधी विसरणार नाही. तंबाखू ओढताना त्यांना शेवाळ चाटल्यासारखं झालं आणि ते बराच वेळ गुळण्या करत होते.

मग रोज समोरच्या दुकानात वाद.

"तुम्ही मिश्रण बदललंत."

"मी पान बदललं तर मिशी उतरवून देईन."

"मग चव गेली कुठे?"

आता मिशीवाल्यांच्याही इभ्रतीचा प्रश्न होता. त्यांनी घरी येऊन खोली पाहिली, भिंतींचा वास घेतला, खुर्चीखाली वाकून पाहिलं. चष्मेवाल्यांची बायको दाराशी उभी राहून सगळं बघत होती. ती टोमणा म्हणून बोलली, "आई होती तोवर सगळं छान लागत होतं."

मिशीवाले ताडकन सरळ झाले. "इथे कोण राहत होतं?"

"सासूबाई," चष्मेवाले म्हणाले.

"आणि त्या गेल्यावर चव गेली?"

"त्याच दिवशी."

"मग मला कशाला छळताय? तंबाखूला शेजार लागतो हो. माणसाची ऊब, लोकर, तेल, औषधं, त्या सगळ्याचं मिळून खोलीला काहीतरी येतं. तुम्ही निम्मं मिश्रण मेव्हण्याकडे पाठवून दिलंत."

बायको पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. तिचे खांदे हलत होते.

चष्मेवाले त्याच संध्याकाळी मेव्हण्याच्या घरी गेले. हे मला नंतर आजींच्या तोंडूनच कळलं. पोपट दारातच शिट्टी वाजवून त्यांना म्हणाला, "शांत बसा." आजी कोपऱ्यात गप्प बसलेल्या होत्या. जावई उभ्या उभ्या म्हणाले, "आई, घरी चला. तुमच्याशिवाय करमत नाही." आजींनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं आणि मग पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी जेवून आजी आडव्या झाल्या. निळा पेला पुन्हा कट्ट्यावर. चष्मेवाले आले, डोळे बारीक करून म्हणाले, "हा बघा माझा पेला. इतके दिवस कुठे ठेवला होता कुणास ठाऊक," आणि मला आत सोडलं. मी दातांकडे पाहिलं. या खेपेला मला ते ओळखीचं हसल्यासारखे वाटले.

पण त्या दिवशी चष्मेवाल्यांना दुकानातून कुणीतरी हाक मारली आणि मी पेल्यातच राहिले. आजी उठल्या. डोळ्यांत झोप होती. पेल्यात हात घातला, मला उचललं आणि सरळ तोंडात घातलं.

दोघींनाही धक्काच बसला.

आजींनी मला बाहेर काढलं, उजेडात धरलं, हुंगलं. मग पेल्याकडे पाहिलं. मग गॅलरीतल्या खुर्चीकडे, तिच्यावरच्या डब्याकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. सगळं त्यांच्या ध्यानात आलं ते मला त्यांच्या बोटांच्या पकडीवरूनच कळलं. त्या पलंगावर बसल्या आणि आवाज न करता इतक्या हसल्या की पलंग कुरकुरला. लेक धावत आली.

"काय गं आई, काय झालं?"

आजींनी मला तिच्यापुढे धरलं, पेला दाखवला, आणि गॅलरीकडे बोट केलं. लेकीने आधी "ई" केलं. मग तोंडावर हात धरून ती पलंगावरच बसली.

"सांगायचं का त्यांना?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"कशाला?" आजी म्हणाल्या. "शहाण्या माणसाची चव त्याची त्याला सापडली आहे." दात नव्हते, त्यामुळे शिट्टी निघाली नाही. मला त्यांनी परत पाण्यात सोडलं आणि वर आणखी एक गोळी टाकली. ती माझ्यासाठी.

आता मी म्हातारी झाले. कडा झिजल्या, पोटात एक बारीक भेग आहे. पण रोज दुपारी दातांशेजारी अंघोळ आणि उरलेला दिवस तंबाखूत. बाकीचे डबे चष्मेवाल्यांनी वाटून टाकले, एकच उरला आहे. खोलीत पलंग आजींचा, खुर्ची जावयाची. आजी मध्येच दोन दिवस मुलाकडे जाऊन येते म्हणाल्या तर चष्मेवाले दारात आडवे उभे राहतात. मिशीवाल्यांनी तर दुकानात नवीन गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे, की घरात सासूबाई आहेत का.

तुम्ही कधी त्या दुकानात चष्मा करायला गेलात, तर मालक गॅलरीतल्या आपल्या चवीबद्दल सांगतील. ऐकून घ्या, मान हलवा. माझं नाव काढू नका. आणि एवढंच एक मागणं आहे तुमच्याकडे. त्यांना चाचपडताना पाहून तुम्हाला कितीही कीव आली, तरी स्वतःला एक चष्मा करून घ्या असं त्यांना चुकूनही सुचवू नका.