नेत्राला कळवलंय

नेत्राचा जन्म भिवंडीच्या टेमघरचा. आई बाळंतपणातच गेली, तेव्हा विधवा होऊन माहेरी परतलेल्या धोंडूआत्याने तिला पदराखाली घेतलं. नेत्रा शाळेत जायला लागली आणि वडिलांनी बडोद्याला नोकरी धरली. लेकीलाही घेऊन गेले. आत्या टेमघरलाच राहिली, पुतण्या धनेशच्या घरात. पुढे वडील गेले, नेत्राचं भावेशशी लग्न झालं, सुट्ट्या जमेनात. राहिला तो फोन.

यंदा दिवाळी झाल्यावर तिने ठरवलं, भावेशला आपला मुलूख दाखवायचा. आधी वसई, मग वज्रेश्वरी, आणि शेवटी टेमघर. आत्याला मुद्दाम कळवलं नाही. एक तर तिला चकित करायचं होतं, आणि दुसरं म्हणजे गेले काही महिने आत्या फोनवर सापडतच नव्हती. धनेशची बायको हेमाली फोन उचलायची. "आत्या झोपल्यात." "आत्या भजनाला गेल्यात." पण आत्याच्या नंबरावरून रोज सकाळी देवीचा फोटो न चुकता यायचा. दिवाळीला पणत्यांचाही आला होता. त्यामुळे नेत्राला काळजी वाटली नाही.

वज्रेश्वरीचं दर्शन घेऊन ते भाड्याच्या गाडीने भिवंडीत शिरले. निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून जाताना कापड विणणाऱ्या लूमच्या खटखटाटाने भावेशने कानांवर हात ठेवले.

"इथं लोक झोपतात कसे?"

"आत्या म्हणते, लूम बंद पडले की जाग येते," नेत्रा हसून म्हणाली.

टेमघरच्या घराचं दार उघडंच होतं. चपला काढून ती आत गेली आणि उंबऱ्याशीच थांबली. समोरच्या भिंतीवर आत्याचा फोटो होता. त्याला चंदनाचा हार घातलेला होता.

हेमाली हात पुसत स्वयंपाकघरातून आली. नेत्राला बघून तिचा चेहराच उतरला.

"वहिनी, हे काय आहे?"

हेमालीने आत वळून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या."

धनेश बाहेर आला. याच धनेशने लहानपणी तिला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं. तो म्हणाला, "बस आधी. पाणी घे."

"कधी गेली?"

"गणपतीच्या आधी. न्यूमोनिया झाला. दवाखान्यात होती थोडे दिवस."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तू लांब. तुझी नोकरी. धावपळ झाली असती तुझी. म्हटलं, नंतर सावकाश सांगू."

"मग रोज सकाळी फोटो कोण पाठवत होतं, दादा?"

हेमाली खाली बघत म्हणाली, "हे म्हणाले, एकदम बंद झालं तर तुला शंका येईल."

नेत्राने भिंतीला हात टेकला. यंदा तिने दारात रांगोळी काढली होती, फराळ केला होता, आत्याच्या नंबरावर कंदिलाचे फोटो पाठवले होते. त्यावर अंगठाही आला होता.

बाहेर गाडी बघून शेजारची गुणाकाकी ओट्यावर आली होती. आत्याची आयुष्यभराची मैत्रीण. तिने नेत्राला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आता आलीस व्हय? तवा बोलावलं तर येळ नव्हता तुला."

"कोणी बोलावलं, काकी?"

"कोनी म्हंजे? धनेशनं. दवाखान्यात माझ्यासमोर त्यानं धोंडूबाईला सांगितलं, नेत्राला कळवलंय, पन ती न्हाय येत म्हनते. बाई नुसती दाराकडं बघत पडली व्हती. शेवटी मीच म्हनलं तिला, आता आशा सोड."

नेत्रा धनेशकडे वळली.

"दादा, मला एक तरी फोन केलास? काकींसमोर सांग."

"नाही केला," धनेश म्हणाला, आणि मग त्याचा आवाज चढला. "काय करणार होतो मी? तिनं साऱ्या आळीत सांगून ठेवलं होतं, मला अग्नी नेत्रानं द्यायचा. इतकी वर्षं सांभाळलं कोणी तिला? उचलून संडासला नेलं कोणी? मी आणि हेमालीनं. आणि घरात मी असताना तू बडोद्याहून येऊन अग्नी देणार! लोक म्हणाले असते, यानं म्हातारीला धड बघितलं नसणार."

"अग्नी तूच दिला असतास. मी मागे उभी राहिले असते. मला एकदा तिला भेटायचं होतं, दादा."

"तेव्हा नाही सुचलं," तो पुटपुटला. "आता झालं ते झालं. हेमाली, ताटं घे. जेवून जातील."

"तिनं विचारलं नाही, मी का येत नाही ते?"

धनेशने मान वळवली. उत्तर गुणाकाकीने दिलं. तिचा मघाचा आवाज राहिला नव्हता.

"म्हनली, पोरगी रुसली आसंल. गुडघ्यामुळं लग्नाला जाता आलं न्हाय, त्याचा राग आसंल तिच्या मनात."

नेत्रा एकदाही रुसली नव्हती. ती बाहेर पडली. ओट्यावर गुणाकाकीने तिचा हात धरला.

"चल माझ्याकडं. बातमी कळली की डोक्यावरून पानी घ्यावं."

काकीने तिला मागच्या मोरीत बसवलं आणि पिंपातलं गार पाणी डोक्यावर ओतलं. तेव्हा कुठे नेत्राला रडू फुटलं. काकी तांब्यामागून तांब्या ओतत होती आणि स्वतःशीच म्हणत होती, "मीच म्हनलं गं तिला, आशा सोड. मीच म्हनलं."

मग काकीने तिला आपली साडी नेसवली आणि ओल्या केसांनीच आळीतून नेलं. आत्याच्या भजनातल्या बायकांच्या दारादारात थांबून ती सांगत गेली, "ही नेत्रा. हिला कुनी कळवलंच नव्हतं." त्यांतल्या राहीबाईने नेत्राला जवळ घेतलं. दुसरी एक जण धनेशच्या घराकडे बघत म्हणाली, "जाऊ द्या. घरातल्या गोष्टी हायेत." आणि आत निघून गेली.

धनेश ओट्यावर उभा होता. "नेत्रा, ताट वाढलंय," त्याने हाक मारली. ती त्याच्या समोरून चालत जाऊन गाडीत बसली.

भावेशने हळूच विचारलं, "स्मशानात जाऊन येऊ या का?"

"मी रुसले नव्हते, एवढंच तिला सांगायचंय," नेत्रा म्हणाली. "तिथं कोणाला सांगू?"

भावेशने ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.