शेपूटतुट्या मुंगसाची छाप

गोदेकाठी नाशिक होतं, नाशकात सुरम्याचं एक दुकान होतं. दुकानात गुलजारबी होती, तिची लेक ताहेरा होती, आणि तिसरा मी. मी काही माणूस नव्हे. मी शिसवीचा ठसा, तळहाताएवढा, पोटावर मुंगूस कोरलेलं. तोच मी बोलतोय. दोन घटका बसा.

मला कोरलं गुलजारबीच्या नवऱ्यानं, महेबूबनं. म्हणायचा, "मुंगसाची नजर कशी तेज! आपला सुरमा घालणाऱ्याची तशीच होऊ दे." लोकांना वाचता कुठं येत होतं? सायखेड्याच्या बाजारात बायका पुडी उलटून बघत, आणि मुंगूस दिसलं तरच पदराची गाठ सोडत.

महेबूब लवकर गेला. ताहेरा तेव्हा रांगत होती. एके दिवशी तिनं मला उंबऱ्यावर आपटलं आणि मुंगसाच्या शेपटीचं टोक उडालं. गुलजारबीनं लेकीला धपाटा घातला, मग तिलाच पोटाशी धरून रडत बसली. नवऱ्याच्या हातचं तेवढंच तर उरलं होतं. त्या दिवसापासून पुडीवर आखूड शेपटीचं मुंगूस उमटू लागलं.

आमच्या गल्लीची एक रीत होती. विस्तव, विरजण आणि ठसा, मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. समोरच्या सलाउद्दीननं नवं दुकान मांडलं होतं. तो म्हणाला, "भाभी, उरूस आलाय. चार दिवस ठसा द्या. माझ्या कोऱ्या पुडीला कुत्रं हुंगत नाही."

"ने की. घरातलाच तू."

चार दिवसांनी मी परत आलो, वर पावशेर बर्फी घेऊन. ती बर्फी फार महाग पडली हो. त्यानं माझ्यावरून दुसरा ठसा कोरून घेतला होता. पुढं मुंबईला जाऊन 'मुंगूस छाप माझी' असा कागद रजिस्टर केला, वर्तमानपत्रात छापून आणलं. छत्तीस साली गुलजारबीच्या दारात बेलीफ उभा राहिला. म्हणे, ही छाप वापरणं बंद करा.

गोरक्ष वकिलानं डोक्याला हात लावला. "गुलजारबी, तुम्ही कागद का नाही केला?"

"माझ्या नवऱ्यानं कोरलाय. सगळा बाजार ओळखतो. कागद कशाला?"

"त्याला नुसता कागद पुढं करायचाय. तो खोटा पाडायचं ओझं आपल्यावर. आधी वापर तुमचा होता, लोक तुमच्याच नावानं छाप ओळखतात, हे ठरलं तर कागदसुद्धा हरेल. पण ठरवायला पुरावा पाहिजे, माणसं पाहिजेत. जुनी पुडी आहे?"

पुडी कोण जपून ठेवतं? सुरमा संपला की कागद चुलीत. ताहेरा गावोगाव हिंडली. शेवटी सायखेड्याची कुसाबाई कोर्टात आली. सलाउद्दीन तिला हसला, "म्हातारे, तुला मुंगूस दिसतं तरी का?"

"तुझ्यापरीस बरं दिसतं, मेल्या. मी खरा सुरमा घालते."

तिनं कनवटीची चिंधी सोडली. आत पिवळी पडलेली पुडी. "सायेब, ही माझ्या भागूच्या बारशाची. आमच्यात बारशाची पुडी पाळण्याला बांधत्यात, दृष्ट लागू नाय म्हणून. लय बांधली. मानमोडीच्या साथीत पोर गेली ती गेलीच."

मानमोडीचं साल अठरा, ते जज्जसाहेबाला सांगावं लागलं नाही. पुडीवरच्या मुंगसाची शेपटी अख्खी होती. सलाउद्दीन शपथेवर सांगत होता, छाप वीस वर्षं माझी. पण त्याच्या जुन्यातल्या जुन्या पुडीवर शेपटी आखूड. साहेबानं दोन्ही ठसे हातात घेऊन अंगठा फिरवला. माझी शेपटी तुटून खरखरीत झालेली, त्याची आखूडच कोरलेली, गुळगुळीत. माझी जखमसुद्धा नक्कल केली होती पठ्ठ्यानं.

गुलजारबी जिंकली. सलाउद्दीनला मुंगूस सोडावं लागलं. पण मी आणि ती पुडी पुराव्यात गेलो. कुसाबाईनं शिपायाला, फकिराला, विनवलं, "बाबा, माझी पुडी दे."

"आजी, ती आता सरकारजमा."

"माझ्याकडं तिचं दुसरं काय बी नाय रे."

ती बराच वेळ दारात उभी होती. मग उन्हात चालत गेली.

आता कोर्टाच्या दप्तरात आम्ही दोघं एकाच लाल फडक्यात बांधलेले. महेबूबच्या हाताचा वास मला आठवतो, पुडीला पाळण्याचा आठवत असेल. बाबांनो, तुमची छाप असेल तर वेळेवर कागद करा. नाहीतर कुण्या माउलीला असली चिंधी सोडावी लागते.

परवा फकिरा दप्तर झाडताना सांगत होता. गुलजारबीनं निकालाच्या आठवड्यातच छाप रजिस्टर केली. नवा ठसा केला, अख्ख्या शेपटीचा. दुकानाची दोन दुकानं झाली, ताहेराला लेक झाली. बाळाच्या डोळ्यांत सुरमा घातला तेव्हा गुलजारबीनं कुसाबाईला मुद्दाम बोलावलं आणि नव्या ठशाची अख्ख्या शेपटीची पुडी तिच्या हातावर ठेवली.

कुसाबाई म्हणाली, "ही माझ्या भागूची नाय."

मग तिनं त्या पुडीची घडी घातली, आणि आपल्या हातानं ताहेराच्या लेकीच्या पाळण्याला बांधली.